लाल दिसणारे हिरवे जंगल

२३ ऑगस्ट हा दिवस आता कॅलेंडरात पक्का झाला आहे. २०२३ साली त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ मोहिमेतील 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात अलगद टेकले आणि साऱ्या देशाने श्वास सोडला. २०२४ पासून हा दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून साजरा होऊ लागला. पुठ्ठ्याची रॉकेटे, रंगीत कागदांचे चंद्र, निबंधस्पर्धा, पाहुण्यांचे भाषण असा त्याचा सोहळा असतो. तो व्हायलाच हवा. ज्या देशाने १९६३ साली थुंब्याच्या किनाऱ्यावरून पहिले छोटे अग्निबाण उडवले, त्याने साठ वर्षांत चंद्र गाठला, याचा आनंद मुलांनी करायचा नाही तर कोणी?

पण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांपुरते बोलायचे, तर आम्हा हौशी मंडळींची आणखी एक मागणी आहे. इथल्या शाळांनी, ग्रामसभांनी आणि घरांनी अंतराळाचा आणखी एक दिवस साजरा करावा. तो दिवस म्हणजे १७ मार्च. या तारखेला ना सुट्टी असते, ना भाषण. पण चंद्रावर उतरलेल्या यानापेक्षा या दिवशी निघालेल्या यानाचा संबंध इथल्या सात-बाराशी, तलावाशी, मोहाच्या झाडाशी आणि बांबूच्या रांजीशी अधिक जवळचा आहे.

एका गुरुवारची गोष्ट

१७ मार्च १९८८, गुरुवार. तत्कालीन सोव्हिएत संघातील बैकानूर तळावरून 'व्होस्तोक' अग्निबाणाने एक भारतीय उपग्रह उचलला. त्याचे नाव आयआरएस-१ए. वजन ९७५ किलो. दूरसंवेदनाचे नियमित काम करणारा हा आपला पहिला उपग्रह. दूरसंवेदन म्हणजे वस्तूला हात न लावता, लांबून, तिच्याकडून येणाऱ्या प्रकाशावरून तिची ओळख पटवणे. त्याआधी १९७९ आणि १९८१ मध्ये 'भास्कर' मालिकेतील दोन उपग्रहांनी ही विद्या हाताखाली घालून पाहिली होती. पण त्यांच्या कॅमेऱ्याला एक किलोमीटरपेक्षा लहान काही ओळखता येत नव्हते. आयआरएस-१ए ही खरी सुरुवात. डॉ. कस्तुरीरंगन त्या प्रकल्पाचे संचालक होते आणि इस्रोच्या अध्यक्षपदी डॉ. यू. आर. राव होते.

हा उपग्रह आपण दुसऱ्याच्या अग्निबाणावरून का पाठवला? कारण सरळ होते. १९८० मध्ये आपल्या एसएलव्ही-३ ने पस्तीसएक किलोचा 'रोहिणी' कक्षेत नेला होता. त्यापुढचा एएसएलव्ही २४ मार्च १९८७ रोजी अपयशी ठरला होता आणि १३ जुलै १९८८ रोजी पुन्हा अपयशी ठरणार होता. जवळजवळ टनभर वजन ध्रुवीय कक्षेत नेणारे वाहन आपल्या दारात नव्हते. पण बैलगाडी तयार होईपर्यंत पेरणी थांबवायची नसते. म्हणून डोळे आपले आणि खांदा मित्राचा, अशी ही मोहीम झाली. पुढे १५ ऑक्टोबर १९९४ रोजी पीएसएलव्हीने आयआरएस-पी२ हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून वर नेला, तेव्हा खांदाही आपलाच झाला.

आयआरएस-१ए पृथ्वीपासून ९०४ किलोमीटर उंचीवरून फिरत असे. चंद्रपूरहून मुंबई रेल्वेने जेवढी लांब, साधारण तेवढीच ही उंची. एका फेरीला त्याला १०३ मिनिटे लागत आणि दर बावीस दिवसांनी तो त्याच गावावर, सकाळच्या त्याच सुमारास परत येई. त्याचे अपेक्षित आयुष्य तीन वर्षांचे होते. प्रत्यक्षात तो १९९६ पर्यंत, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ राबला. तो निघाला तेव्हा, २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा अवघ्या साडेपाच वर्षांचा होता. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात स्थापन झाले तेही १९८८ सालीच. जिल्ह्याचे बालपण आणि या विद्येचे बालपण असे बरोबरीने गेले.

जे पडले आणि जे फिरत राहिले

या भागात अंतराळाचा विषय काढला की लोकांना आठवते ते लाडबोरी. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भासह मध्य भारतात अनेकांनी आकाशात पेटत्या पलित्यांची रांग सरकताना पाहिली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले आणि जवळच्या पवनपार परिसरात धातूचा गोळा सापडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन तुकड्यांची पाहणी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या 'लाँग मार्च-३बी' अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असा जाणकारांचा निष्कर्ष होता.

घटना थरारक होती, ती लक्षात राहणारच. अंतराळ म्हणजे कुठेतरी दूरचे प्रकरण नसून ते आपल्या अंगणावरूनच जाते, हे तिने एका रात्रीत शिकवले. परंतु गंमत अशी, की धडाम्‌दिशी पडलेले एक कडे आपल्याला पाठ आहे आणि १९८८ पासून डोक्यावरून निमूटपणे फिरणाऱ्या, आपल्या जंगलाचे एकामागून एक चित्र काढणाऱ्या उपग्रहांची खबर नाही. कडे एकदाच आले. ही चित्रे मात्र दरवर्षी येतात, त्यांवरून नकाशे होतात, नकाशांवरून अहवाल होतात आणि अहवालांवरून निर्णय होतात.

जंगल लाल का दिसते?

या चित्राची ओळख आधी करून घेऊ. उपग्रहाने काढलेले गडचिरोलीचे नेहमीच्या पद्धतीचे चित्र प्रथमच पाहणारा माणूस दचकतो. सारा जिल्हा रक्तासारखा लाल! वणवा लागला की काय, असे वाटते. प्रत्यक्षात ते निरोगी, भरगच्च जंगल असते.

कारण असे. हिरवे पान सूर्यप्रकाशातील निळा आणि तांबडा भाग शोषून घेते आणि थोडा हिरवा परत पाठवते. म्हणून ते आपल्याला हिरवे दिसते. पण त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात ते एक असा प्रकाश परावर्तित करते, जो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. तो म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश. उपग्रहाचा कॅमेरा तो टिपतो. न दिसणाऱ्या प्रकाशाला कागदावर काही तरी रंग द्यायला हवा, म्हणून त्याला लाल रंग देण्याचा प्रघात पडला. पान जितके ताजे आणि दाट, तितका लाल रंग गडद. पाणी हा प्रकाश गिळून टाकते, म्हणून तलाव आणि बोड्या काळ्या-निळ्या दिसतात.

या युक्तीची आपल्याकडची पहिली परीक्षा १९७० साली केरळात झाली. डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांची छायाचित्रे घेण्यात आली. रोगट झाडे त्यांत वेगळ्या रंगाने उठून दिसली. झाडाचे दुखणे लांबून ओळखण्याची ही सुरुवात होती.

आता १७ मार्चला आपल्या जंगलात काय चालू असते ते आठवा. साग निष्पर्ण उभा असतो, पळस पेटलेला असतो, मोहाखाली पहाटेपासून टोपल्या लागू लागतात. त्या दिवशीच्या चित्रात पानगळीचे जंगल फिके, राखट दिसेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या चित्रात तेच जंगल लालभडक असेल. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनाच्छादन मोजण्यासाठी प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील चित्रे वापरते, ती याचसाठी: ढग सरलेले असतात आणि पाने अजून झडलेली नसतात. चित्र कोणत्या महिन्यातले, हा पहिला प्रश्न. गावातले पोरही ऋतू सांगू शकते. म्हणजे उपग्रहचित्र वाचण्याचा पहिला धडा त्याला आधीच येतो.

वहीतले जंगल, चित्रातले जंगल

या चित्रांनी देशाला एकदा चांगलेच हलवून सोडले आहे. १९८० च्या दशकात सरकारी वहीप्रमाणे देशाच्या सुमारे २३ टक्के भूमीवर जंगल होते. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने अमेरिकी 'लँडसॅट' उपग्रहाच्या चित्रांवरून हिशेब केला. १९७२-७५ मध्ये जंगल १६.८९ टक्के भूमीवर होते, तर १९८०-८२ मध्ये ते १४.१० टक्क्यांवर आल्याचे निघाले. वहीतल्या जंगलाचा मोठा भाग जमिनीवर उरलाच नव्हता. वाद झाला, पद्धती पडताळून पाहण्यात आल्या आणि १९८७ च्या पहिल्या देशव्यापी अहवालात साडेएकोणीस टक्क्यांचा आकडा आला.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, दप्तरात वर्षानुवर्षे झाकून राहिलेले सत्य वरून पाहणाऱ्या डोळ्याने उघडे पाडले. दोन, जवळजवळ त्याच काळातील चित्रे दोन जाणत्या संस्थांनी वाचली आणि आकडे वेगवेगळे आले. कॅमेरा खोटे बोलत नाही हे खरे. पण चित्राला अर्थ देणारा माणूस असतो आणि तो कोणती व्याख्या हाती घेऊन बसला आहे यावर उत्तर ठरते.

आजची व्याख्या पाहा. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जागेवर झाडांच्या माथ्यांची सावली दहा टक्क्यांवर आहे, ती जागा वनाच्छादनात धरली जाते. मालकी कोणाची, झाड कोणते, हे त्यात पाहिले जात नाही. या मोजणीत गडचिरोली हा महाराष्ट्रातील सर्वाधिक वनाच्छादित जिल्हा आहे. सुमारे साडेचौदा हजार चौरस किलोमीटरपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. चंद्रपूरमध्ये, कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र असूनही, एक-तृतीयांशाहून अधिक भागावर जंगल आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट.

पण मोह, ऐन, बिजा, धावडा, तेंदू यांचे मिश्र जंगल तोडून तिथे सागाची सरळ ओळीतली लागवड केली, तर काय होईल? १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या क्षेत्रात असे झाले आहे. काही वर्षांत साग वाढतो, सावली धरतो आणि अहवालात जंगल पुन्हा 'जंगल' होते. चौरस किलोमीटर तेवढेच राहतात. मात्र मोहफुले वेचणाऱ्या बाईची टोपली रिकामी झालेली असते. तिची टोपली भरली की नाही, हे त्या मोजणीत कुठेच येत नाही.

चौकोनात हरवलेला बांध

हा प्रश्न केवळ हौशी लोकांच्या चर्चेचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले. वैयक्तिक शेतीच्या दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरली: त्या दिवशी जमीन ताब्यात असली पाहिजे. मग पुरावा काय? इथे उपग्रहचित्र पुढे येते. २००५ सालच्या चित्रात शेत दिसते का, ते बघा, असे म्हटले जाते.

आता थोडा हिशेब करू. उपग्रहचित्र लहान लहान चौकोनांचे बनलेले असते आणि एका चौकोनात जे काही असेल त्याचा मिळून एकच रंग उमटतो. आयआरएस-१ए च्या एका कॅमेऱ्याचा चौकोन साडेबाहत्तर मीटरचा होता, म्हणजे सुमारे ५२ गुंठे, सव्वा एकराहून अधिक. दुसऱ्या, अधिक बारीक कॅमेऱ्याचा चौकोन सुमारे १३ गुंठ्यांचा. वनाच्छादन मोजायला ज्या कॅमेऱ्याची चित्रे पुढे बरीच वर्षे वापरली गेली, त्याचा चौकोन साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा. इटापल्लीच्या किंवा भामरागडच्या डोंगरउतारावर अर्ध्या एकरात धान करणाऱ्याची बांदी, मध्ये राखलेली मोहाची दोन झाडे आणि कडेचे जंगल हे सगळे अशा थोड्याशा चौकोनांत मिसळून जाते. झाडाची सावली बांधावर पडली, तर ते शेत चित्रात 'जंगल' होऊन बसते.

कायदा करणाऱ्यांना याची जाणीव होती. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की उपग्रहचित्र हा इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा ते घेऊ शकत नाही. गावातील वृद्धांचे लेखी जबाब, जुने बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांनाही पुराव्याचे स्थान आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश देताना वन सर्वेक्षण संस्थेला उपग्रहाद्वारे पाहणी करण्यास सांगितले होते. २८ फेब्रुवारीला तो आदेश स्थगित झाला. त्या पंधरा दिवसांत कितीतरी घरांची झोप उडाली. आकाशातले चित्र माणसाच्या घरापर्यंत कसे पोहोचते, याचे याहून ठळक उदाहरण नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हेच चित्र गावाच्या बाजूने साक्ष देऊ शकते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा मार्ग मोकळा झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्याच्या पाचगावाला २०१२ मध्ये असाच हक्क मिळाला. अशा गावांनी जंगल राखले की नाही, याची नोंद वरचा डोळा वर्षानुवर्षे ठेवतोच आहे. खाणीचा खड्डा किती पसरला, मालगुजारी तलावाचे पाणी किती आटले, वणवा कुठे पेटला, हेही त्यात आहे. वणव्यांच्या सूचना तर वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने देत आली आहे. बांधाची बाजू घेणारा पुरावा आणि बांधाला नाकारणारा पुरावा एकाच कागदावर असू शकतो. तो कागद वाचता येणे महत्त्वाचे.

उत्सव कसा करावा?

म्हणूनच १७ मार्च. त्या दिवशी प्रत्येक गावाने आपल्या शिवाराचे उपग्रहचित्र, भिंतीवर लावता येईल एवढे मोठे, समोर ठेवावे. नागपुरात राज्याचे केंद्र आहे, राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राची प्रादेशिक शाखाही आहे. इस्रोचे 'भुवन' २००९ पासून सर्वांसाठी खुले आहे. एक चित्र पावसाळा सरल्यानंतरचे घ्यावे, एक उन्हाळ्यातले आणि मिळाल्यास एक वीस-तीस वर्षांपूर्वीचे. मग मुलांनी शोधावे: आपली शाळा कुठे, नाला कुठे, तलाव कुठे. हा काळा डाग बोडीचा की कोळशाचा? चित्रात दोन्ही काळपटच दिसतात. जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. शास्त्रज्ञही तेच करतात. त्याला ते जागेवरची पडताळणी म्हणतात आणि तिच्याशिवाय त्यांचा नकाशा पुरा होत नाही.

पडताळणीसाठी गावातल्या आजोबा-आजींहून चांगले जाणकार कुठे मिळणार? या तुकड्यात साग लावण्याआधी काय होते, ही पाणंद कधी बुजली, वेळवाची रांजी कोणत्या साली फुलून वाळली, हे त्यांना ठाऊक असते. मुलांनी ते चित्रावर लिहून घ्यावे. गावाचे नकाशे असे तयार झाले, तर पुढच्या दाव्याच्या वेळी, तलावाच्या गाळाच्या वेळी, खाणीच्या जनसुनावणीच्या वेळी ते उपयोगी पडतील. शिवाय मुलांना भूगोल, पदार्थविज्ञान आणि कायदा हे तिन्ही विषय एका दुपारी शिकवून होतील.

आणि हे काम आता अधिक निकडीचे होत आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'निसार' हा इस्रो आणि नासाचा संयुक्त उपग्रह सुटला. तो रडार लहरींनी पाहतो. त्याला ढगांचा किंवा रात्रीचा अडथळा होत नाही. पृथ्वीचा जवळजवळ सारा भूभाग तो दर बारा दिवसांत दोनदा न्याहाळतो. भर पावसाळ्यात, पर्लकोटेच्या पुराने भामरागड तुटलेले असताना आणि आभाळ आठवडाभर मिटलेले असताना, आयआरएस-१ए आंधळा होई. नवा डोळा तेव्हाही उघडा असणार. चित्रे वाढतील, बारीक होतील, वारंवार येतील. ती देहरादूनला, हैदराबादला, नागपूरला वाचली जातीलच. ती धानोऱ्यात आणि सिंदेवाहीतही वाचली जावीत, एवढीच अपेक्षा आहे.

चांद्रयानाचा जयजयकार २३ ऑगस्टला जरूर करावा. त्या दिवशी मान वर करून चंद्र पाहण्यात मोठे सुख आहे. १७ मार्चला मात्र मोहफुले वेचून झाली, की दुपारच्या सावलीत ते लाल चित्र पसरावे. टोपलीतली फुले ज्या झाडाची, ते झाड चित्रात वेगळे ओळखू येणार नाही. ते नेमके कुठे आहे हे सांगणारी माणसे आज गावात आहेत, तोवर ती खूण पेन्सिलीने करून ठेवावी.